कोल्हापुरात गच्चीवर बटाटा: लावायचा कधी, बेणं कुठलं, एका बॅगेत किती?

राजारामपुरीची_गच्ची | ४ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. यंदा गच्चीवर बटाटा करायचा आहे. दुसऱ्या मजल्यावरची उघडी गच्ची, सकाळी आठ ते दुपारी दोन ऊन, नंतर शेजारच्या इमारतीची सावली. १५ × १५ इंचाच्या १२ ग्रो बॅगा आहेत, सगळ्या काळ्या. त्यातल्या चार बॅगांत उन्हाळ्यातल्या टोमॅटोची माती तशीच पडून आहे. घरात बाजारचे दोनेक किलो बटाटे आहेत, त्यांना कोंब फुटलेत.

विचारायचं ते असं. लावणी आत्ता करू की दिवाळीनंतर? घरातले कोंबाचे बटाटे चालतील का? टोमॅटोची माती वापरली तर बिघडतं का? आणि एका बॅगेतून साधारण किती निघतात? व्हिडिओंमध्ये एका पोत्यातून दहा किलो काढून दाखवतात, ते पटत नाही.

---

वाफसा | ४ ऑक्टोबर

ताई, यातला पहिला प्रश्नच खरा. बाकी काही चुकलं तर बटाटे कमी निघतील. तारीख चुकली तर वर नुसता पाला माजेल आणि खाली काही नसेल.

बटाट्याला कंद धरायला थंड रात्र लागते. रात्रीचं तापमान १५ ते १८ अंशांच्या आसपास असलं की मातीतल्या पांढऱ्या धुमाऱ्यांची टोकं फुगायला लागतात. रात्र २०-२२ अंशांच्या वर राहिली की झाड पाला वाढवत बसतं, आणि माती ३० अंशांवर गेली की फुगवण जवळजवळ थांबते. कोल्हापुरात तशा रात्री नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत मिळतात, फेब्रुवारी अर्धा सरला की दुपार तापायला लागते. लावणीनंतर ३० ते ४० दिवसांनी कंद धरतो आणि पुढे चाळीसेक दिवस तो पोसतो. हे चाळीस दिवस डिसेंबर-जानेवारीत बसवायचे, म्हणजे लावणी ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते १५ नोव्हेंबर. त्या आत उरका. डिसेंबर उजाडल्यावर लावलेला बटाटा नेमका पोसायच्या वेळी उन्हात सापडतो.

आत्ता लगेच लावू नका. परतीचा पाऊस अजून संपलेला नाही आणि मधल्या दिवसांत ऑक्टोबरचं ऊन असतं. गरम, ओल्या मातीत कापलेलं बेणं उगवायच्या आधीच कुजतं. हे तीन आठवडे बेणं आणि माती तयार करण्यात घालवा.

पावसाळी बटाटा महाराष्ट्रात होतो, पण तो आंबेगावच्या सातगाव पठारासारख्या कमी पावसाच्या, निचऱ्याच्या माळावर. आपल्या जून-जुलैच्या पावसात गच्चीवरच्या बॅगेत त्याचा चिखल होईल.

काळ्या बॅगांबद्दल. पश्चिमेचं ऊन तुमच्याकडे दोनला जातं, हे बटाट्याच्या दृष्टीने उत्तमच. तरी सकाळच्या उन्हात काळ्या बॅगेची कड चांगलीच तापते आणि कडेचे कंद बारीक राहतात. बाहेरून पांढरं रिकामं पोतं गुंडाळा किंवा चुना मारा. बॅगा एकमेकींना चिकटवून ठेवल्या तरी मधल्या बाजू सावलीत राहतात. प्रत्येक बॅगेखाली दोन विटा घाला, नाहीतर तळाची भोकं स्लॅबला चिकटतात आणि पाणी आतच राहतं. आणखी एक, ओली भरलेली ही बॅग ४० किलोच्या आसपास जाते. बारा बॅगा म्हणजे पाचेकशे किलो. त्या गच्चीच्या मधोमध न मांडता भिंतीवर किंवा बीमवर येतील अशा कडेने लावा.

---

कागलचा_मळा | ५ ऑक्टोबर

बेण्याबद्दल लिहितो.

बाजारच्या बटाट्याला कोंब येतो म्हणून तो बेणं होत नाही. ऑक्टोबरमध्ये मंडईत असतो तो बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये काढून शीतगृहात ठेवलेला माल. खाण्यासाठी ठेवलेल्या काही मालावर कोंब येऊ नयेत म्हणून औषधाची धुरी दिलेली असते. त्याला कोंब येतच नाहीत, आले तर खुरटे. बाकीच्याला कोंब येतात, पण जात कुठली ते कळत नाही आणि आत विषाणू आहे की बांगडी रोग (झाड सुकवणारा जिवाणूंचा रोग), ते वरून दिसत नाही. बांगडी रोग एकदा मातीत शिरला की पुढची दोन-तीन वर्षं त्या मातीत वांगी, टोमॅटो, मिरची काहीच घेता येत नाही. दोन किलो बटाटे वाचवायला हे परवडत नाही.

तुमच्याकडचे बटाटे हातात घेऊन कोंब बघा. आखूड, जाड, बुडाशी जांभळट-हिरवे आणि टोकाला बारीक गाठी असतील तर कोंब जोमदार आहे. दोऱ्यासारखे बारीक, पांढरे, लांब असतील तर बेणं म्हातारं झालंय किंवा विषाणूग्रस्त आहे. ते सरळ भाजीत घाला. जाड कोंबाचेही लावायचेच असतील तर वेगळ्या दोन बॅगांत लावा, बाकीच्यांत मिसळू नका.

जातींची नावं ‘कुफरी’ने सुरू होतात, कारण त्या शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या आहेत आणि कुफरी हे तिथलं जवळचं ठिकाण. आपल्या कामाच्या अशा: कुफरी लवकर, नावाप्रमाणेच ७५-८० दिवसांत तयार, गोल पांढरा, आपल्या पठारी हवेला मानवणारा. कुफरी चंद्रमुखी, ८०-९० दिवस, चवीला फार चांगला, पण करप्याला लगेच बळी पडतो. कुफरी पुखराज, पिवळसर गराचा, लवकर पोसतो, उत्पन्न भरपूर, टिकायला मात्र कमी. कुफरी ज्योती, ९०-१०० दिवस. आणि कुफरी सूर्या, ही उष्णता सोसणारी म्हणूनच काढलेली जात. कोल्हापूरच्या गच्चीसाठी सूर्या किंवा ‘कुफरी लवकर’ मिळाला तर दुसरं काही शोधू नका. मिळत नसेल तर पुखराज.

प्रमाणित बेणं ५० किलोच्या पोत्यात येतं, बहुतेक पंजाबातून. तुम्हाला लागणार जेमतेम किलोभर: १२ बॅगा, प्रत्येकीत दोन नग, एक नग ३५-४० ग्रॅमचा. त्यामुळे दुकानात पोतं फोडून मागण्यापेक्षा ओळखीच्या बटाटा करणाऱ्या शेतकऱ्याकडून त्याच्या लावणीच्या वेळी दीड किलो घ्या. घेताना पोत्यावरचं लेबल वाचून जात आणि वर्ष लिहून घ्या.

बेणं शीतगृहातून थेट आलं असेल तर लगेच लावू नका. आठ-दहा दिवस सावलीत, उजेडात, एका थरात पसरून ठेवा. अंड्यांच्या ट्रेमध्ये डोळ्यांची बाजू वर करून ठेवलं तर उत्तम. अंधारात ठेवलं तर कोंब लांबतात आणि लावताना मोडतात. कोंब सेंटिमीटरभर झाला की तयार.

अंड्याएवढा बटाटा अख्खा लावायचा, तो कमी कुजतो. मोठा असेल तर उभा कापा, आडवा नको. शेंड्याच्या बाजूला डोळे जास्त असतात, आडवं कापलं तर बुडाकडच्या तुकड्याला डोळेच उरत नाहीत. उसाचं दोन डोळ्यांचं टिपरं लावतो तसंच इथे, तुकडा ३०-४० ग्रॅमचा आणि त्याला निदान दोन डोळे. दर बटाट्यानंतर सुरी स्पिरिटने पुसा. एक रोगट बटाटा कापला की तीच सुरी पुढच्या दहा बटाट्यांना रोग लावते. कापलेले तुकडे मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या पाण्यात (१० लिटरला २५ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला २ लिटरला ५ ग्रॅम पुरे) दहा मिनिटं बुडवून सावलीत दोन दिवस सुकवा. कापलेल्या बाजूवर बोट फिरवलं की कागदासारखी कोरडी लागली पाहिजे. ओलसर, चिकट असताना लावलेला तुकडा गेलाच समजा.

---

गांधीनगर_नर्सरीप्रेमी | ५ ऑक्टोबर

छोटी सूचना. ग्रो बॅगेऐवजी २०० लिटरचं पिंप घ्या. तळात बेणं लावा आणि झाड वाढेल तशी माती भरत जा. प्रत्येक थरात बटाटे लागतात, म्हणून तर व्हिडिओत दहा किलो निघतात.

---

वाफसा | ५ ऑक्टोबर

दादा, हे आपल्या जातींना लागू पडत नाही, आणि का ते सांगतो, कारण यात लोकांचा खर्च फार होतो. आपल्या जाती लवकर येणाऱ्या आहेत. त्या बेण्याच्या वरच्या चार-सहा इंचांतल्या पेरांतूनच धुमारे काढतात आणि ३५-४० दिवसांत कंद धरून मोकळ्या होतात. त्यानंतर वर कितीही माती भरली तरी नवा थर लागत नाही, उलट पानं गाडली जाऊन झाड थकतं. तीन फूट खोल पिंपात खालची माती पाणी धरून राहते, ती वरून दिसतही नाही, आणि बेणं तळाशीच कुजतं.

आता हिशोब. शेतात ६० × २० सेंटिमीटरवर लावलं तर हेक्टरी ८३ हजार झाडं बसतात. हेक्टरी २० ते २५ टन हे चांगलं पीक, म्हणजे एका झाडाला २४० ते ३०० ग्रॅम. गच्चीवर नीट निगा राखली तर ३००-४०० ग्रॅम निघतात. ताईंच्या ४० लिटरच्या बॅगेत दोन झाडं, म्हणजे बॅगेला ६०० ते ८०० ग्रॅम. बारा बॅगांतून सात ते नऊ किलो. एका बॅगेत चार नग कोंबले तर संख्या वाढते, वजन नाही. सगळे गोट्यांएवढे राहतात.

---

पन्हाळ्याची_तांबडी | ६ ऑक्टोबर

माती आणि खत माझ्याकडून.

कोल्हापूरच्या सखल भागातली काळी माती उसाला सोनं, बटाट्याला नाही. पाणी धरते, वाळली की भेगाळते, भेगेतून ऊन कंदावर पडतं आणि बटाटा हिरवा होतो. बॅगेत तर ती विटेसारखी घट्ट बसते. पन्हाळा-शाहूवाडीकडची तांबडी माती घ्या. ती भुसभुशीत राहते आणि किंचित आम्ल असते, ते बटाट्याला हवंच. आम्ल मातीत खरुज कमी येते. खरुज म्हणजे सालीवर बुचासारखे खडबडीत डाग.

दहा लिटरची बादली माप धरा. चार बादल्या तांबडी माती, तीन बादल्या चाळलेलं जुनं शेणखत किंवा गांडूळखत, दोन बादल्या भिजवून फुलवलेलं आणि एकदा धुतलेलं कोकोपीट, एक बादली भाताचं तूस. यात अडीच बॅगा भरतात. प्रत्येक बॅगेत १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी). मिश्रण आठ दिवस आधी करून ओलसर झाकून ठेवा. मूठ आवळली की लाडू झाला पाहिजे आणि बोटाने टिचकी मारली की फुटला पाहिजे. पाणी सुटलं तर तूस वाढवा.

ओलं शेण घालू नका, ते तापतं आणि खरुजही आणतं. साखर कारखान्याची प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसाचा गाळ, आपल्याकडे सहज मिळते. ती वर्षभर कुजलेली, काळी, वास नसलेली असेल तर शेणखताच्या निम्म्या जागी चालेल. ताजी असेल तर मुळं भाजतात. राखेचा मोह आवरा. चुलीची किंवा गुऱ्हाळाची राख पालाश देते हे खरं, पण ती मातीचा आम्लपणा घालवते आणि मग खरुज येते. बॅगेला एक मूठ, त्यापेक्षा जास्त नको.

टोमॅटोची माती बटाट्याला वापरू नका. दोन्ही एकाच कुळातली. करपा, बांगडी रोग, सूत्रकृमी सगळं एकमेकांना जातं. त्या चार बॅगांत यंदा मेथी, कांदापात किंवा मुळा घ्या. बटाटा उरलेल्या आठ बॅगांत नव्या मातीत.

रासायनिक खत द्यायचं तर शेतातली शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ६० स्फुरद, १२० पालाश अशी आहे. वरच्या झाडांच्या हिशोबाने ती एका झाडाला सव्वा ग्रॅम नत्र, पाऊण ग्रॅम स्फुरद, दीड ग्रॅम पालाश एवढीच येते. दोन झाडांच्या बॅगेला लावणीच्या वेळी सिंगल सुपर फॉस्फेट १० ग्रॅम आणि सल्फेट ऑफ पोटॅश ३ ग्रॅम, मग पहिल्या भरीच्या (वाढत्या झाडाच्या बुडाशी माती चढवायच्या) वेळी युरिया ३ ग्रॅम आणि पोटॅश ३ ग्रॅम. चहाचा सपाट चमचा साधारण ४-५ ग्रॅमचा, तरी एकदा काट्यावर मोजा. एवढं गांडूळखत असताना युरिया याहून वाढवू नका. नत्र जास्त झालं की झाड कमरेपर्यंत वाढतं आणि कंद उशिरा धरतं. आपल्याकडे उशीर झाला की थंडी संपते, म्हणजे नुकसान दुप्पट.

---

राजारामपुरीची_गच्ची | ६ ऑक्टोबर

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ बॅगा बटाट्याला, चार पालेभाजीला, असं ठरवलं. लावताना बॅग पूर्ण भरायची की अर्धी? आणि पाणी रोज घालायचं का?

---

वाफसा | ७ ऑक्टोबर

पूर्ण नको. तळापासून आठ इंच मिश्रण भरा, त्यावर दोन नग एकमेकांपासून सात-आठ इंचांवर, कोंब वर, आणि वरून तीन इंच मिश्रण. चारेक इंच जागा भरीसाठी मोकळी. बेणं बॅगेच्या कडेला टेकू देऊ नका, तिथली माती सगळ्यात आधी तापते.

लावल्यावर एकदाच भरपूर पाणी, तळातून ठिबकेपर्यंत. मग उगवण होईपर्यंत हात आवरा. कोंबाचं बेणं १०-१५ दिवसांत वर येतं आणि तोवर त्याला स्वतःचा ओलावा पुरतो. या काळात रोज पाणी घालूनच बहुतेकांचं बेणं कुजतं. नंतर बोट दोन इंच खुपसून बघायचं. कोरडं लागलं तर बॅगेला दीड-दोन लिटर. नोव्हेंबरमध्ये हे साधारण दिवसाआड येतं.

पाण्याचा खरा महत्त्वाचा काळ लावणीनंतर ३० ते ७० दिवसांचा. तेव्हा एकदा कोरडं आणि एकदा चिंब असं झालं की कंद वाढायचा थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. त्यातून तडे जातात, आल्यासारखे फाटे फुटतात, मोठ्या बटाट्यात पोकळी राहते. उलट माती सतत चिंब राहिली तर सालीवरची बारीक छिद्रं फुगून पांढऱ्या दाण्यांसारखी दिसतात. काढणीच्या वेळी असे पांढरे ठिपके दिसले तर पुढच्या वर्षी तूस वाढवायचं. पाणी सकाळी आणि बुडाशी, पानांवर नको.

भर दोनदा. उसाला बाळबांधणी आणि मोठी बांधणी करतो तशीच. पहिली झाड सहा-सात इंचांचं झालं की, म्हणजे २५ ते ३० दिवसांनी, दोन इंच मिश्रण. दुसरी त्यानंतर पंधरा दिवसांनी, उरलेली जागा भरून. दोन्ही वेळी शेंड्याची चार-पाच पानं उघडी राहू द्या. दुसऱ्या भरीनंतर वर उसाचं वाळलेलं पाचट दोन इंच पसरा. आपल्या जिल्ह्यात हे फुकट मिळतं आणि याच्यासारखं आच्छादन नाही. माती थंड राहते, पाणी निम्मं लागतं आणि उघडा पडलेला कंद झाकला जातो.

कंद उघडा पडला की दोन-तीन दिवसांच्या उजेडात हिरवा होतो. तो नुसता रंग नसतो. त्याबरोबर सोलानिन नावाचं विष तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. कडेला हिरवट असेल तर तो भाग जाड काढून टाका. अख्खा हिरवा झालेला किंवा कडू लागणारा बटाटा फेकून द्या. फुलांनंतर कधीकधी टोमॅटोसारखी छोटी हिरवी फळं धरतात, तीही विषारी. गच्चीवर लहान मुलं खेळत असतील तर दिसताच खुडा.

---

राजारामपुरीची_गच्ची | १७ डिसेंबर

लावणी ३ नोव्हेंबरला केली, दोन्ही भरी झाल्या. आज दोन तक्रारी. एका बॅगेतलं एक झाड दुपारी मान टाकतं, पानं हिरवीच आहेत, माती ओली आहे, सकाळी पुन्हा थोडं सावरतं. आणि दुसऱ्या दोन बॅगांत पानांच्या कडांना काळपट डाग दिसतात. तीन दिवस ढगाळ हवा आहे, सकाळी धुकं.

---

कागलचा_मळा | १७ डिसेंबर

दोन्ही आजच बघा ताई, थांबू नका.

मान टाकणाऱ्या झाडाची एक फांदी बुडाजवळ कापा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या आणि कापलेलं टोक पाण्यात जेमतेम बुडेल असं फांदीला वरून धरून ठेवा. पेला हलवू नका. दोन-पाच मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाच्या दोऱ्यासारखी पांढरी धार खाली उतरताना दिसली तर तो बांगडी रोग. त्याला औषध नाही. झाड आणि बॅगेतली सगळी माती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको, शेजारच्या कुंडीत तर अजिबात नको. खुरपं आणि हात साबणाने धुवा. त्या बॅगेचं निथळलेलं पाणी दुसऱ्या बॅगांकडे वाहत असेल तर आधी ते वळवा, रोग पाण्यातूनच पुढे सरकतो.

धार आली नाही तर झाडाचं बूड उकरून बघा. बुंधा मातीलगत कुरतडलेला असेल तर अळी, ती दोन इंच उकरलं की गुंडाळी होऊन बसलेली सापडते, दिवसा मातीत आणि रात्री वर. बुंधा काळा, बुळबुळीत आणि घाण वासाचा असेल तर पाणी जास्त झालंय.

डागांचं. पानाची खालची बाजू सकाळी दव असताना बघा. डागाच्या कडेला पांढरी बारीक बुरशी दिसली आणि डाग पाण्यात भिजल्यासारखा काळपट असेल तर तो उशिरा येणारा करपा. ढग आणि धुकं हीच त्याची हवा, चार दिवसांत आठही बॅगा जातील. डाग कोरडा, तपकिरी, आत गोल गोल कडी असतील तर लवकर येणारा करपा, तो सावकाश पसरतो. दोन्हींत डागाळलेली पानं कोरड्या हवेत काढून जाळा आणि मॅन्कोझेब लिटरला २.५ ग्रॅम, पानांच्या खालच्या बाजूनेही भिजतील असं फवारा. आठ बॅगांना दोन लिटर पाणी पुरतं. ढग राहिले तर आठ दिवसांनी कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ग्रॅम. डब्यावर लिहिलेला काढणीपूर्वीचा काळ पाळा. करप्याचे बीजाणू पाण्याबरोबर मातीत उतरून कंदावर जातात, म्हणून पाचट आहे तसंच राहू द्या आणि वरून पाणी मारू नका.

---

राजारामपुरीची_गच्ची | १८ डिसेंबर

पेल्यात धार आली, स्पष्ट दिसली. ती बॅग मातीसकट बाहेर काढली. पानांखाली पांढरं काही नाही, डागात कडी आहेत. फवारणी केली. आता काढणी आणि साठवण यांचं कोणी सांगेल का?

---

पन्हाळ्याची_तांबडी | १९ डिसेंबर

बरं झालं वेळेत बघितलंत. ती बॅग घरातल्या कोंबाच्या बटाट्याची असेल तर दुसरी जुळी बॅगही रोज दुपारी बघत राहा.

काढणी तारखेवर नाही, पाल्यावर ठरवायची. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात खालची पानं पिवळी पडून झाड आडवं व्हायला लागेल. तेव्हा पाणी बंद. आठ-दहा दिवसांनी पाला मातीलगत कापा आणि कंद तसेच मातीत आणखी दहा दिवस राहू द्या. या दहा दिवसांत साल पक्की होते. एक बटाटा काढून अंगठ्याने जोरात घासा. साल सुटून गुंडाळली गेली तर अजून थांबायचं, नुसती माती निघाली तर काढायला हरकत नाही. भाजीपुरते कोवळे हवे असतील तर पाला पिवळा व्हायच्या आधीही कडेने हात घालून दोन-चार काढता येतात, पण ते आठवड्यात संपवा.

फेब्रुवारीची पंधरा तारीख ओलांडू नका. माती तापली की आत कंदाला पुन्हा कोंब फुटतात. आणि ऊन वाढलं की पाकोळी येते. हा करड्या रंगाचा छोटा पतंग, उघड्या कंदाच्या डोळ्याजवळ अंडी घालतो आणि अळी आत बोगदा पाडते. डोळ्याशी काळी भुकटीसारखी विष्ठा दिसली तर आत अळी आहेच. मातीची भर आणि पाचट हाच तिच्यावर इलाज. काढलेले बटाटे रात्रभर उघड्यावर ठेवू नका, आणि कापलेल्या पाल्याखाली तर मुळीच झाकू नका. त्या वाळत्या पाल्यातल्याच अळ्या कंदात उतरतात.

बॅग ताडपत्रीवर आडवी करून हाताने फोडा, खुरपं घालू नका. धुवायचं नाही, ओले बटाटे साठवणीत टिकत नाहीत. कापलेले, खरचटलेले, कुरतडलेले बाजूला, ते आधी खायचे. चांगले दहा-पंधरा दिवस अंधाऱ्या, हवेशीर जागी एका थरात पसरा, म्हणजे बारीक जखमा भरून येतात. मग पातळ गोणपाटात किंवा जाळीच्या टोपलीत, वरून गोणपाट झाकून, जिन्याखाली किंवा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत. तळाशी आणि मधे घाणेरीचा, म्हणजे टणटणीचा वाळलेला पाला पसरला तर पाकोळी कमी येते. कांद्याशेजारी ठेवू नका आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. दर आठवड्याला एकदा हात फिरवून एखादा मऊ पडलेला असेल तो काढायचा.

फ्रीजमध्येही नको. ८-१० अंशांच्या खाली पिष्टाची साखर व्हायला लागते. असा बटाटा उकडून गोडसर लागतो आणि काप तळले की काळपट होतात. वड्याच्या भाजीलाही ती गोडी खपत नाही. आपल्या घरच्या हवेत पुखराज मार्चच्या मध्यापर्यंत, ज्योती किंवा ‘कुफरी लवकर’ एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत नीट राहतो. त्यानंतर कोंब येणारच.

यातलेच पुढच्या वर्षी बेण्याला ठेवायचा विचार असेल तर ठेवू नका. एकतर फेब्रुवारी ते ऑक्टोबर आठ महिने शीतगृहाशिवाय ते टिकत नाहीत. दुसरं, मावा विषाणू पसरवतो तो झाडावर दिसतोच असं नाही, आणि पुढच्या पिकात कंद सरळ निम्म्यावर येतात. आणि तुमच्या गच्चीवर तर एका बॅगेत बांगडी रोग निघालाय. दरवर्षी बेणं नवीनच घ्या.

राहिलेल्या सात बॅगांच्या मातीत काढणीनंतर टोमॅटो-मिरची लावू नका. उन्हाळ्यात गवार किंवा चवळी घ्या, आणि एप्रिल-मेमध्ये कधीतरी ती माती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली महिनाभर कडक उन्हात तापवा.

---

राजारामपुरीची_गच्ची | ११ फेब्रुवारी

काल सात बॅगा मोकळ्या केल्या. वजन ४ किलो ६५० ग्रॅम, म्हणजे बॅगेला साधारण ६६० ग्रॅम. सगळ्यात मोठा १४० ग्रॅमचा. अंगठ्याने साल सुटत नाही. सालीवर पांढरे फुगीर ठिपके दोन बॅगांत दिसले, त्या दोन्ही टाकीच्या नळाशेजारी होत्या. डोळ्याशी काळी भुकटी एकाच बटाट्यात.

---

वाफसा | ११ फेब्रुवारी

वजन हिशोबात बसलं. त्या दोन बॅगा पुढच्या वेळी नळापासून हलवा आणि तिथल्या मिश्रणात तूस एकाची दीड बादली करा. भुकटीचा एक दिसलाय म्हणजे बाकीचेही भिंगाने नाही तरी चांगल्या उजेडात एकेक करून डोळ्यांपाशी बघून घ्या, मगच गोणपाटात भरा.